हव्या त्या वेळी, हव्या त्या टेबलाशी

लग्नानंतर नवरा पर्यटकांच्या बोटीवर मदतनीस वाढप्याच्या कामावर परत गेला आणि तीन आठवड्यांनी त्याने पहिल्यांदा व्हिडिओ कॉल केला. आमच्या कापडे गावातल्या घरात रेंज येते ती फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात. म्हणून सासरे, सासूबाई आणि मी तिथे दाटीवाटीने बसलो. आमच्याकडे दिवेलागण होत आलेली, तिकडे दुपार होती. त्याने फोन फिरवून आम्हाला जेवणाचा हॉल दाखवला. टेबलांवर पांढरी कापडं, एकेका ताटाशेजारी चार-चार चमचे, पालथे ठेवलेले ग्लास. माणूस एकही नाही.

"पंगत कवा बसते?" सासूबाईंनी विचारलं.

"पंगत नाय गो आई. दोन तऱ्हा हायत. काही लोकांची वेळ ठरलेली, टेबल ठरलेलं, रोज तेच. बाकीच्यांना मोकळीक. वाटंल तवा यायचं, वाटंल त्या टेबलावर बसायचं. एकट्याला बसायचं तर एकटं, कुणाबरोबर बसायचं तर तसं."

"नि वाढणारा कवा जेवतो?"

तो हसला. "वाढणारा मधी कवातरी जेवतो."

"म्हणजे आमच्यासारखंच की," सासूबाई म्हणाल्या आणि उठून चुलीकडे गेल्या.

मी फोन धरून तशीच बसून राहिले. वाटेल तेव्हा, वाटेल त्याच्याबरोबर. तो हे मेनूतला एखादा पदार्थ सांगावा इतक्या सहज सांगत होता.

माझं माहेर महाडचं. वडील औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पाळीवर होते. पाळी बदलली की घराची जेवणाची वेळ बदलायची. कधी दुपारी तीन, कधी संध्याकाळी साडेसहा. पण जेवायचो ते आम्ही चौघे मिळून. आई पोळ्या आधी करून ठेवायची, डबा मध्ये सरकवायची आणि वडील, भाऊ, मी, आई असे स्वयंपाकघरात गोल बसायचो. यात काही विशेष आहे हे मला लग्न होईपर्यंत माहीत नव्हतं.

कापड्याला आल्यावर पहिल्याच रात्री कळलं. सासरे आणि नवरा पाटावर बसले, सासूबाईंनी वाढलं, मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. ते उठले, मग आम्ही दोघी. कुणी नियम सांगितला नव्हता, कुणी सक्तीही केली नव्हती. सासूबाई तर माझ्या ताटात माशाचा मधला तुकडा आवर्जून घालायच्या. घरात सगळं चांगलं होतं, म्हणून बोलायलाही जागा नव्हती. मी पोलादपूरच्या शाळेत शिकवायचे, पगार आणायचे, आणि घरी आल्यावर पुरुषांचं आटोपायची वाट बघायचे. लग्नात एकमेकांना घास भरवले तेवढे सोडले, तर नवऱ्याबरोबर मी एकदाही जेवले नव्हते. बत्तीस दिवस तो घरी होता. मग नऊ महिने बोट.

तो पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा मला आणखी एक गोष्ट कळली. त्याला बसून जेवताच येत नव्हतं. पाच-सात मिनिटांत ताट रिकामं. मग वडिलांचा शेवटचा घास तोंडात जायच्या आत त्यांचं ताट उचलायला हात पुढे. "अरे, जेवू दे की मला," सासरे ओरडायचे, आणि तो ओशाळून हात मागे घ्यायचा. गावात घरोघरी जेवणं झाली. मांडवात, पूजेला, कुठेही गेलो तरी थोड्या वेळाने नवरा भाताचं भांडं घेऊन वाढायला उभा. लोक कौतुक करायचे. परदेशात राहून मुलगा बदलला नाही म्हणायचे. मला मात्र राग यायचा.

एकदा सासू-सासरे कुडपणला एका लग्नाला गेले. परतायला संध्याकाळ होणार होती. मी सकाळपासून मनात ठरवलेलं. तांदळाच्या भाकऱ्या केल्या, वालाचं बिरडं केलं, दोन ताटं वाढून पडवीत ठेवली. पडवीतून खाली खाचरं दिसतात आणि खाचरांपलीकडे नदी. तो अंघोळ करून आला, दोन ताटं बघून थबकला आणि म्हणाला, "वा!" आम्ही बसणार एवढ्यात दोन घरं सोडून राहणारे चुलत सासरे काठी टेकत आले. आपला भाऊ घरात नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. नवरा लगेच उठला, त्यांना आपल्या पाटावर बसवलं, माझं ताट त्यांच्यापुढे सरकवलं. मी आत जाऊन पाणी आणलं. ते सावकाश जेवले आणि बिरड्याची तारीफ करून गेले. तोवर नवऱ्याने उभ्या उभ्या आपलं ताट संपवलं होतं. त्यांची काहीच चूक नव्हती. नवऱ्याचीही नव्हती. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात एकटी जेवले.

लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा नवऱ्याने बातमी दिली. त्याला वेटरची जागा मिळाली होती, हाताखाली एक मदतनीस, स्वतःची ठरलेली सहा टेबलं. आणि आता बायकोला एका सफरीसाठी बोटीवर आणायची परवानगी होती. दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरहून निघणारी पाच दिवसांची सफर होती. मी पासपोर्ट काढला. घरात सांगायची मला भीती वाटत होती. शेवटी एका दुपारी सांगितलं. सासूबाई भात पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "जा गो. आमच्यातला कोण जाणार हाय तिथं? एवढं बघून ये, तो नीट जेवतो काय. फोनवर जेवलो म्हणतो. पोरगं फोनवर कायबी सांगंल."

बोटीवर चढताना एक मुलगी प्रत्येकाला विचारत होती, रात्रीच्या जेवणाची वेळ ठरलेली हवी की मोकळी. नवऱ्याने आधीच बजावलं होतं. "मोकळी घे. ठरलेली घेतलीस तर कुठल्या तरी दुसऱ्याच कोपऱ्यात टेबल देतील. मोकळी असली म्हणजे दारात उभ्या माणसाला सांगायचं, मला त्या बाजूला बसायचंय." मी मोकळी घेतली. कार्ड हातात आलं तेव्हा खरंच वाटलं, आता पाच दिवस मी ठरवीन कधी जेवायचं आणि कुणाबरोबर.

नियम हळूहळू कळले. पाहुण्यांच्या टेबलावर नोकरमाणसांनी बसायचं नाही. नोकरमाणसांची खानावळ खाली पाण्याच्या पातळीशी, तिथे पाहुण्यांनी जायचं नाही. माझ्या खोलीपर्यंत यायला त्याला परवानगी होती, पण सकाळी साडेपाचपासून कामं सुरू व्हायची, आणि आला की बसल्या जागी डोळे मिटायचे. वरच्या मजल्यावर दिवसभर जेवण मांडलेलं असायचं. तिथे कुणीही कधीही घ्यावं. खाली तीन वेगवेगळी उपाहारगृहं, शिवाय खोलीत मागवण्याची सोय. मी हवं तिथे जेवू शकत होते. ज्याच्याबरोबर जेवायचं होतं तो तेवढा बसू शकत नव्हता.

पहिल्या संध्याकाळी मी साडेसातला हॉलच्या दारात गेले. आमच्याकडे कापड्याला पुरुषांची ताटं याच सुमारास पडतात. दारातल्या माणसाला मी नवऱ्याची बाजू दाखवली. त्याने विचारलं, एकट्या आहात, टेबल वाटून घ्याल का? मी हो म्हटलं. त्याने मला एका वयस्कर बाईंसमोर बसवलं. भोपाळच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. यजमान नव्हते. मुलगा सिंगापूरला होता, त्याने आईला ही सफर घडवली होती. आणि मग नवरा आला. काळा कोट, पांढरे हातमोजे, केस चापून बसवलेले. त्याने माझ्या मांडीवर रुमाल पसरला आणि इंग्रजीत म्हणाला, "गुड इव्हनिंग, मॅडम."

मला हसावं की रडावं कळेना. त्याचा हात माझ्या हाताला किंचित लागला आणि पुढे गेला. त्याने पाणी ओतलं, पाव ठेवला, मेनू उघडून हातात दिला. आयुष्यात पहिल्यांदा नवरा मला वाढत होता. मला संकोच वाटला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. सारखं वाटत होतं, उठावं आणि त्याच्या हातातली थाळी आपण घ्यावी.

ओळख देऊ नकोस असं त्याने सांगितलं नव्हतं, पण पहिल्या दिवशी मी दिली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच टेबल, त्याच बाई. त्या गप्पिष्ट होत्या, हिंदीत बोलायच्या. नवरा सूप ठेवून पलीकडच्या टेबलाकडे वळला तशा त्या पुढे वाकून म्हणाल्या, "हा मुलगा फार गुणी आहे. मला मिरी चालत नाही हे एकदाच सांगितलं, लक्षात ठेवलं त्याने. महाराष्ट्रातला आहे, डोंगरातला. काल मी उशिरापर्यंत बसले होते तर घरचं सांगत होता."

"काय सांगत होता?" मी विचारलं.

"बायको शिक्षिका आहे म्हणे. घरी गेला की रोज संध्याकाळी दोघं घराच्या व्हरांड्यात जेवायला बसतात. समोर शेतं, नदी. ती गरम भाकरी अर्धी मोडून त्याला देते, अर्धी आपण घेते. मला म्हणाला, मॅडम, इथे इतके पदार्थ आहेत, पण ती अर्धी भाकरी कुठल्याच मेनूत नाही."

माझ्या हातातला चमचा तिथेच राहिला. नवरा दोन हातांवर चार थाळ्या तोलत आमच्याच दिशेने येत होता. बाई त्याला म्हणाल्या, "मी तुझ्याच घरचं सांगतेय हिला. हीसुद्धा तुझ्याकडचीच दिसते." तो माझ्याकडे बघेना. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग थाळी माझ्यापुढे ठेवत हळूच म्हणाला, "मॅडम, ही माझी बायको."

बाईंनी टाळी वाजवली. आधी मला रागावल्या, मग त्याला. शेवटी आपल्या ताटातली एक मिठाई उचलून माझ्या ताटात ठेवली. त्यांना वाटलं, मी लाजले.

सकाळी वरच्या मजल्यावरची न्याहारी सहाला सुरू व्हायची आणि नवरा तिथेच कामाला असायचा. त्या वेळी पाहुणे जवळजवळ नसायचे. तिसऱ्या दिवशी मी सहाच्या ठोक्याला गेले आणि काचेला लागून असलेलं टेबल घेतलं. तो फडकं घेऊन आला आणि माझ्या शेजारचं टेबल पुसू लागला. आधीच लख्ख होतं ते.

"आपण पडवीत कधी जेवलो?" मी विचारलं.

तो पुसत राहिला. "लोक विचारतात घरचं. काहीतरी सांगावं लागतं."

"मग खरं सांगायचं. आई वाढते, बाबा जेवतात, तुम्ही जेवता, मी आत असते."

"ते कुणाला सांगू?" तो म्हणाला. मग फडकं उलटं करून पुन्हा पुसू लागला. बाहेर पाणी राखाडी होतं. "पहिल्यांदा एका म्हाताऱ्या जोडप्यानं विचारलं तेव्हा आपोआप तोंडातून गेलं. मग दुसऱ्यांनी विचारलं. आता सांगून सांगून मलाच वाटतं की झालंय तसं. कुडपणच्या लग्नाच्या दिवशी तू ताटं मांडलेलीस ना, त्याच्या पुढचं मी मनात पूर्ण केलं."

मला तोवर वाटत आलं होतं की तो दिवस फक्त माझ्याच लक्षात आहे. पुढची दहा मिनिटं त्याने ते एकच टेबल पुसलं आणि मी एक इडली चिवडत बसले. आमच्यात हातभर अंतर होतं. मग पाहुणे यायला लागले.

त्याने वरच्या साहेबांकडे अर्ज केला होता. एका रात्री बायकोबरोबर पाहुणा म्हणून जेवायची परवानगी. चौथ्या दिवशी ती मिळाली. तासाभराची, तीही हॉलमध्ये नाही, वरच्या मजल्यावरच्या छोट्या उपाहारगृहात. मी लग्नातला शालू नेला होता, तो नेसले. त्याने आपला एकुलता एक सूट घातला. समोरासमोर बसलो. त्याचाच एक मित्र, फिलिपिन्सचा, वाढायला होता. त्याने आमच्यासाठी टेबलावर एक फूल ठेवलं होतं.

आणि आम्हाला दोघांनाही बसता येईना. मित्राने पाणी ओतलं की हा ग्लास सरळ करायचा. शेजारच्या टेबलावरचा चमचा पडला तर हा अर्धा उठला. मी "बसा" म्हटलं. तो बसला. मीही प्रत्येक थाळी आली की आधी त्याच्याकडे सरकवत होते. माझं सूप अर्धं झालं नव्हतं आणि याची अख्खी थाळी संपलेली. त्याच्या लक्षात आलं. त्याने रिकाम्या थाळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"सवय गेली गं," तो म्हणाला. "तू जेव. मी पाव घेतो."

मग मी जेवेपर्यंत तो पावाचे बारीक बारीक तुकडे करून एकेक तोंडात टाकत राहिला, मला सोबत म्हणून. बोलायचं खूप ठरवलं होतं. आम्ही बोललो ते शाळेचं, खाचराच्या फुटलेल्या बांधाचं, सासऱ्यांच्या गुडघ्याचं. तास संपला. मित्र दोघांचा फोटो काढायला आला. तो फोटो माझ्याकडे आहे. दोघंही ताठ, जणू कुणाची तरी वाट बघतोय.

घरी परतले तशा सासूबाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला. "जेवतो काय नीट?"

"जेवतो," मी म्हटलं. "पण घाईनं."

"एकटाच?"

"एकटाच."

मी आणलेल्या साबणाच्या छोट्या वड्या आणि चॉकलेटं त्यांनी शेजारणींना दाखवली आणि कपाटात ठेवून दिली.

नवरा पुढच्या सुट्टीवर आला तो शिमग्याच्या आधी. पहिल्या दिवशी तो वडिलांशेजारी पाटावर बसला आणि मी वाढलं. दुसऱ्या दिवशीही. मी वाट बघत होते की तो काहीतरी म्हणेल. तोही बहुधा माझी वाट बघत असावा. चौथ्या दिवशी ताटं घ्यायची वेळ झाली तेव्हा माझ्याच तोंडून निघालं, "आई, मी आज यांच्याबरोबर बसते."

सासूबाईंचा पळीचा हात थांबला. नवरा जमिनीकडे बघत होता. "बस की," त्या म्हणाल्या. "मी वाढते."

"तू बी बस, आई," नवरा म्हणाला.

"मी बसले तर वाढंल कोण?"

मग सासरे बोलले. चाळीस वर्षं ते याच पाटावर बसून ताट पुढ्यात यायची वाट बघत आले होते. ते म्हणाले, "टोप मधी आन. ज्याला लागंल तो घेईल. ह्यो तिकडं सगळ्या दुनियेला वाढतो, आपल्याला काय हात नायत?"

चौघं बसलो. सासूबाई इतक्या अवघडल्या होत्या की भात कमी घेतला, आणि नंतर चुलीपाशी जाऊन पुन्हा थोडा खाल्ला. सासऱ्यांनी स्वतः घेताना आमटी सांडली. नवरा त्या दिवशी हळू जेवला, मुद्दाम हळू जेवत होता हे मला दिसत होतं. माझा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागला होता. मला आनंद झाला, खोटं का सांगू. पण चौघांत बसूनही माझं मन पडवीकडेच जात होतं. एवढं मिळाल्यावर आणखी मागू नये हे कळत होतं, आणि तरी हवं होतं. आमचं दोघांचं, कुणी न येता, भाकरी संपेपर्यंत.

ते त्या सुट्टीत झालं नाही. शिमगा आला, ग्रामदेवतेची पालखी घरी आली, पाहुणे आले. मग नवऱ्याच्या चुलत बहिणीकडचं लग्न. मग एकाएकी बोटीचं बोलावणं आठ दिवस आधी आलं. पोलादपूरच्या स्टँडवर मी त्याला मुंबईच्या गाडीत बसवलं आणि तशीच शाळेत गेले. दुसरा तास भूगोलाचा होता. मुलांना नकाशात महासागर दाखवताना माझा आवाज बसला. मुलांना वाटलं, सर्दी झाली.

तेव्हापासून घरात टोप मध्येच असतो. सासूबाई अजून सगळ्यांत शेवटी हात घालतात, पण बसतात. भोपाळच्या बाई सणावाराला मेसेज पाठवतात, तुमच्या व्हरांड्याला नमस्कार म्हणून. मी त्यांना खरं कधी सांगितलं नाही.

त्याची बोट सध्या भूमध्य समुद्रात आहे. तिकडे संध्याकाळची ताटं मांडतात तेव्हा आमच्याकडे जेवणं उरकून भांडी घासायची वेळ असते. काम सुरू व्हायच्या आधी तो कधी कधी दोन मिनिटं फोन करतो. मी पडवीच्या कोपऱ्यात उभी राहून बोलते. परवा त्याने विचारलं, "आज काय केलंस?" मी म्हटलं, कुळथाची पिठी आणि भात. तो म्हणाला, "जरा सांग ना, कशी झाली होती." मी सांगितलं. फोडणीत लसूण जरा जास्त जळला, पण सासऱ्यांनी दोनदा घेतली, कोकम नवीन होतं म्हणून रंग चांगला आला. तो ऐकत राहिला. मागे काट्या-चमच्यांचा आवाज येत होता. मग कुणीतरी त्याला हाक मारली.

या वेळचा त्याचा बोटीवरचा करार दिवाळीनंतर संपतो.